यम्माचा आवाज कोणाच्या हवाली

परम कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, खाली सही करणार, रुवैदा सलीम अल-मुहैसिन, वय वर्षे चौसष्ट, मुलींच्या सरकारी शाळेतली निवृत्त संगणक शिक्षिका, अविवाहित, राहणार वरची पायऱ्यांची गल्ली, सल्त, जॉर्डन, अल्लाह एक आहे आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत अशी साक्ष देऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते, ते असे की :

येत्या रविवारी अम्मानच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं काही कारण नाही. मी घाबरलेली नाही, चिडलेली आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणि कोणा अनोळखी साहेबाने फोन करून मला हे लिहायला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर मी फोन ठेवला असता, त्याच्या कचेरीचा खरा नंबर स्वतः शोधला असता आणि उलट फोन करून विचारलं असतं. ही एवढी साधी गोष्ट मी माझ्या घराण्याला वर्षानुवर्षं सांगत आले. भिंतीला सांगितली असती तर एव्हाना भिंतीने ऐकली असती.

कलम पहिले : वारस. मला नवरा नाही, मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत. शरियतप्रमाणे माझे वारस दोनच. थोरला भाऊ मुफ्लिह, ज्याला सगळं सल्त अबू नाईफ म्हणून ओळखतं, आणि धाकटी बहीण इन्शिराह, म्हणजे उम्म कुतैबा. भावाला दोन वाटे, बहिणीला एक. हे मी ठरवलेलं नाही आणि मला बदलताही येत नाही. माझ्या मिळकतीचा तिसरा हिस्सा तेवढा मला वारसांखेरीज हव्या त्या माणसाला देता येतो. त्या हिश्शात मी माझी हौस भागवून घेणार आहे.

कलम दुसरे : यम्माचा आवाज. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून आधी लिहिते. घर कोणाला आणि झाडं कोणाला, हे वाचायला जे उतावीळ झाले असतील त्यांनी दम धरावा.

आमची आई फिद्दा, जिला आम्ही तिघंही यम्मा म्हणायचो, तिला लिहितावाचता येत नव्हतं. मी तिला फोनवरचं माइकचं चित्र लाल होईपर्यंत दाबून धरायला शिकवलं आणि घराण्याची शांतता संपली. ती सकाळपासून घराण्यात सगळ्यांना निरोप पाठवायची. दही किती आटवायचं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, इन्शिराहने केस का कापले. निरोप कोणालाही असो, सुरुवातीला तिचा तोच प्रश्न, "रुवैदा, लाल झालं का गं? बोलू का?" कधी बोट उचलायलाच विसरायची. मग पुढे नुसती भांड्यांची आदळआपट, खोकला, आणि शेजारच्या कोंबड्याला दिलेल्या शिव्या. आज या निरोपांची सगळ्या जगात एकच शाबूत प्रत उरली आहे आणि ती माझ्याकडे आहे. माझ्या फोनमध्ये, आणि फोन हरवला तर असावी म्हणून एका छोट्या डिस्कवर. डिस्क इन्शिराहच्या फडताळात शिवणाच्या डब्यात तळाशी आहे. तिला हे माहीत नव्हतं, आता कळलं. इन्शिराह, तो डबा कोणाला देऊन बसू नकोस.

दोन्हींना कुलूप आहे आणि पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात आहे. रविवारी माझं काही बरंवाईट झालं, तर माझ्याबरोबर यम्माचा आवाजही जाईल.

बाकीच्यांचे निरोप कुठे गेले, तेही लिहिते. माझ्या दुःखवट्याला लोक तेच विचारतील आणि माझे नातलग तेव्हाही खोटंच सांगतील.

यम्मा गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अबू नाईफला फोन कंपनीचा म्हणून एक माणूस भेटला. म्हणजे फोनवरच भेटला. तो म्हणाला, तुम्हाला रमजानची भेट लागली आहे, आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील तेवढे सांगा. अबू नाईफने सांगितले. मी त्याला नंतर विचारलं, का सांगितलेस? त्याचं उत्तर माझ्या थडग्यावर कोरलं तरी चालेल. "तो मला अबू नाईफ म्हणाला. ओळखीचा असल्याशिवाय कोण म्हणेल?"

आमच्याकडे थोरला मुलगा झाला की बापाचं नाव मागे पडतं आणि तो अबू, म्हणजे अमक्याचा बाप होतो, तशीच आई होते उम्म. हे नाव गल्लीत रोज शंभर माणसं ओरडतात. अबू नाईफने ते स्वतःच आपल्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्या ईमेलचा पासवर्डही नाईफ आणि नाईफचं जन्मवर्षच होता. म्हणजे भाजीवालाही रस्त्यातून जाताना त्याला त्याच्या पासवर्डने हाक मारत होता. मी किती वेळा बोलले, तर म्हणायचा, "माझ्या पोराचं नाव वापरायला मला कोणाची चोरी आहे का?" चोरी पुढे झालीच.

त्या चोराने मग अबू नाईफच्या नावाने घराण्यातल्या प्रत्येकाला निरोप पाठवला : तुझ्या फोनवर सहा आकडे आले असतील, ते मला पाठव. आता थोरल्याने मागितलं तर कशाला म्हणून विचारायची आमच्यात पद्धत नाही. चुलत्यांनी पाठवले, चुलत्यांचं बघून पुतण्यांनी पाठवले. इन्शिराहने आकडे पाठवून वर त्याच्या गुडघ्याची चौकशीही केली. अल-मुहैसिन घराण्याची खाती वयाच्या क्रमाने, अगदी शिस्तीत, एकामागून एक गेली.

मला निरोप आला तेव्हा मी जेवत होते. मी घास ठेवला आणि घराण्याच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर, अबू नाईफच्या नावापुढे दोनच शब्द लिहिले : "तू कोण?"

लगेच इन्शिराहचा फोन. "अगं बाई, डोकं फिरलंय का तुझं? तो अबू नाईफ आहे! थोरल्या भावाला तू कोण म्हणतेस?"

"म्हणूनच विचारतेय," मी म्हटलं. "तो असेल तर सांगेल की."

तो नव्हता. पण खरा अबू नाईफ शुद्धीवर आला तेव्हा त्याला फसवणाऱ्याचा राग आला नाही, माझा आला. कोणीतरी त्या दोन शब्दांचा फोटो काढून त्याला दाखवला होता. लोकांनी घाबरून निरोपांचं ॲपच काढून टाकलं आणि पुन्हा घातलं. बॅकअप एकाचाही नव्हता. यम्माचा आवाज सगळ्यांच्या फोनमधून एका दुपारी पुसला गेला, आणि घराण्यात चर्चा कशाची, तर रुवैदाने भावाचा मान ठेवला नाही याची.

तेव्हापासून अबू नाईफ माझ्याशी बोलत नाही. ईदला येतो, कारण भावाने बहिणीच्या घरी ईदला यायचं असतं. मिठाई ठेवतो. मी कडू कॉफी पुढे करते. तो कप घेतो आणि न पिता समोर ठेवून देतो. आमच्याकडे पाहुण्याने कप असा ठेवला की त्याचं काहीतरी मागणं असतं, आणि यजमानाने विचारायचं असतं की बाबा, काय हवं, पी, दिलं. मी विचारलं नाही. त्याला माझी माफी हवी आहे हे मला ठाऊक होतं, आणि कशाची माफी मागायची ते मला ठाऊक नव्हतं. कॉफी थंड व्हायची, तो उठून जायचा. मी ती कॉफी कुंडीत ओतायचे. कुंडीतलं पुदिन्याचं झाड मेलं.

तर आता हा आवाज द्यायचा कोणाला? शरियत कोर्टातल्या कारकुनाला मी विचारलं, आईचा आवाज वारसाहक्कात येतो का. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, भावाला दोन हिस्से आवाज आणि बहिणीला एक, असं करता येत नाही. ही अमानत आहे. विश्वासाचा माणूस बघा आणि त्याच्या हवाली करा. तो सगळ्यांसाठी सांभाळेल."

विश्वासाचा माणूस म्हणे. इन्शिराहला दिला तर ती फोन दुरुस्तीला टाकताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवते. नाईफ इंजिनिअर आहे, दुबईत असतो, आणि विमानतळावर फुकट वायफाय दिसलं की बँकेचे व्यवहार उरकून घेतो. अबू नाईफबद्दल लिहून झालंच आहे. यांच्या हाती दिलेला यम्माचा आवाज पुढच्या रमजानपर्यंत टिकणार नाही, आणि त्या आवाजाने कोणीतरी चोर आमच्याच लोकांकडे पैसे मागेल. हल्ली तेही करता येतं.

म्हणून मी असं ठरवलं आहे की माझ्या पश्चात माझा फोन आणि ती डिस्क, दोन्ही न उघडता पुसून टाकावीत. जे सांभाळता येत नाही ते असून उपयोग काय?

कलम तिसरे : घर. वडिलांच्या जागेवरचा माझा वरचा मजला, दोन खोल्या आणि गच्ची, वारसांकडे कायद्याप्रमाणे जाईल. अट घालता येत नाही, विनंती करते. वायफायची पेटी बसवली त्या दिवशी कंपनीने जो पासवर्ड दिला होता, तो मी त्याच दिवशी बदलला. तुम्ही राहायला आलात की माझा बदला. 'कोण येतंय चोरायला' असं म्हणू नका. घराला मोठं कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवून जायचं, हे तुमचं चालतं तेवढं पुरे.

कलम चौथे : ऑलिव्हची झाडं. उताराकडची सगळी झाडं वारसांची. या वर्षी फळ चांगलं धरलं आहे आणि तोडणी अर्धी राहिली आहे. माझ्यासाठी रडण्याआधी ती उरका.

कलम पाचवे : तृतीयांश. यातली रोकड मी ज्या शाळेत शिकवलं त्या शाळेच्या संगणक खोलीला द्यावी. लॅपटॉपही शाळेला. तो मी स्वतः पुसून, कोरा करून कपाटात ठेवला आहे. नुसत्या फायली उडवल्या म्हणजे लॅपटॉप कोरा होत नाही, हे मी मुलींना शिकवलं होतं. पण आमच्या चुलतभावाने आपला जुना फोन बाजारात विकला तो बायकोच्या लग्नातल्या फोटोंसकट. त्याची बायको घराबाहेर केस झाकून वावरते. महिनाभर ती माहेरी जाऊन राहिली आणि तो आमच्याकडे जेवायला येत होता. जेवताना म्हणायचा, "मी तर सगळं डिलीट केलं होतं." मी त्याला वाढलं, पण कीव आली नाही.

मी गेल्या उन्हाळ्यात घेतलेला दुसरा, नवा फोन शेजारीण उम्म खल्दून हिला द्यावा. तिचा फोन इतका जुना आहे की कंपनीने त्याला अपडेट पाठवणंच सोडून दिलं आहे. आणि पाठवत होती तेव्हा ही बाई दर वेळी 'नंतर आठवण करा' दाबत होती. मी विचारलं, नंतर म्हणजे कधी? तर म्हणाली, "रुवैदा, मला माझ्या नवऱ्याने पन्नास वर्षं 'नंतर' सांगितलं, मी काही म्हटलं का?" अट एवढीच की फोनला कुलूप लावायचं आणि पासवर्ड खल्दून ठेवायचा नाही. हे मी तिला तोंडी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग काय ठेवू? नवऱ्याचं नाव ठेवलं तर दिवसभर फोन उघडताना त्याचं तोंड आठवेल." मी सांगितलं की एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द धर, चप्पल, डाळिंब, असं काहीतरी, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून ओरडून मला तिचे चारही शब्द सांगितले, बरोबर जमलंय का म्हणून. आता नवे निवडायला लावले आहेत.

कलम सहावे : दुःखवटा. माझ्या दुःखवट्याचे तीन दिवस घराण्याच्या बैठकीत माणसं येतील. तिथे भिंतीवर वायफायचा पासवर्ड हाताएवढ्या अक्षरांत रंगवलेला आहे, आणि त्याच वायफायवर बैठकीच्या हिशोबाचा संगणक चालतो. मी दोनदा हरकत घेतली. मला सांगण्यात आलं की पाहुण्याला पासवर्ड मागायला लावणं म्हणजे पाणी मागायला लावण्यासारखं आहे. ठीक आहे. पाहुण्यांना पाणी द्या, विहीर कशाला देता? पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या खजुरांचा खर्च कमी करा आणि रंगवणारा बोलवा.

तसंच, मी गेल्यावर माझ्या नावाने कोणाला निरोप आला तर तो मी पाठवलेला नसेल. हे मृत्युपत्रात लिहावं लागतं, यातच माझ्या आयुष्याची कमाई आली.

कलम सातवे : कलम दुसऱ्याचा शेवट रद्द.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झालं होतं. इन्शिराह माझी काळजी घ्यायला म्हणून येऊन राहिली आहे. तिने मी औषध घेत असताना कागद वाचले, आणि स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली ती रडत रडतच.

"यम्माचा आवाज पुसणार तू?" ती म्हणाली. "तुझं काळीज बदलायला चाललेत ते बरंच आहे."

"काळीज नाही, झडप बदलतायत," मी म्हटलं. "आणि मी कोणाकडे देऊ? तुझ्याकडे देऊ?"

"मी सांभाळीन. शपथ घेते."

मला तिच्या शपथेचा भरवसा वाटला नाही. पण तिच्या रडण्याने मी हलले, हे खोटं कशाला सांगू? यम्मा गेली तेव्हाही ती अशीच पानं भरत रडत होती. मी ठरवलं की एक परीक्षा घ्यायची आणि तिच्या निकालाप्रमाणे वागायचं.

बुधवारी मी नवं सिमकार्ड आणलं आणि त्यावरून घराण्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकच निरोप पाठवला : "मी रुवैदा. हा माझा नवा नंबर. इस्पितळाच्या कागदांसाठी तुमच्या ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो लगेच पाठवा. गडबडीत आहे, फोन करू नका." चोराची सगळी लक्षणं मी त्यात मुद्दाम घातली होती. अनोळखी नंबर, घाई, आणि फोन करू नका. इतकी वर्षं मी हेच तीन मुद्दे सांगत आले होते, म्हणजे पेपर फुटल्यासारखाच होता.

पहिलं उत्तर इन्शिराहचं आलं. ती माझ्याच स्वयंपाकघरात होती. मधे एक भिंत. तिने हात पुसले, पिशवीतून ओळखपत्र काढलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि पाठवले, सोबत गुलाबाची तीन फुलं. मी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही फोन दाखवले.

"अगं, पण तू आजारी आहेस ना," ती म्हणाली. "आजारी माणसाला काय विचारत बसायचं?"

चुलत्यांनी पाठवले. ज्याने फोटोंसकट फोन विकला होता, त्यानेही पाठवला. नाईफने दुबईहून ओळखपत्र पाठवलं आणि आत्या, पैसे लागले तर असू दे म्हणून बँकेच्या कार्डाचाही फोटो पाठवला, मागच्या बाजूच्या तीन आकड्यांसकट. त्याला मी रात्रभर धास्तीत ठेवलं असतं, पण त्याचं मन चांगलं आहे म्हणून लगेचच कार्ड बंद करायला सांगितलं. मला त्या दिवशी इतकं हताश वाटलं की झडप बदलून तरी काय करायचं, असं मनात आलं. ही सगळी माणसं माझ्यासाठी धावून आली होती. धावून येण्याआधी एकानेही वळून पाहिलं नव्हतं.

मग अबू नाईफने निरोप वाचल्याची खूण दिसली. बराच वेळ काहीच आलं नाही. मी म्हटलं, माझं नाव बघून पुढे सरकला असेल. आणि मग त्याचं उत्तर आलं.

"तू कोण?"

मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. इन्शिराहला हाक मारली आणि तिलाही वाचायला लावले. ती म्हणाली, बघ, सूड घेतला त्याने. मला तसं वाटलं नाही, पण खात्रीही नव्हती, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

थोड्या वेळाने भिंतीवरचा तारेचा फोन वाजला. तो फोन मी ठेवला म्हणून घराणं मला हसतं. त्याचा नंबर वडिलांच्या वेळेपासून तोच आहे, आणि तो पाठ असलेली माणसं आता फार नाहीत. मी उचलला. सलाम नाही, दुआ नाही.

"एक प्रश्न आहे," अबू नाईफ म्हणाला. "त्याचं उत्तर दे, मग पुढे बोलू. बाबांनी करक गावच्या लोकांना मन्सफ जेवायला बोलावलं होतं आणि परातीतल्या मेंढ्याच्या मुंडीला जीभ नव्हती. ती जीभ कोणाच्या पोटात गेली आणि मार कोणाला बसला?"

ही गोष्ट यम्माला, त्याला आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हती. जीभ म्हणजे मानाच्या पाहुण्याचा घास. मी तेव्हा तापातून उठले होते आणि काहीच खात नव्हते. यम्माने चुलीपाशी बसवून तीच मला भरवली. बाहेर बाबांनी विचारलं तेव्हा मुफ्लिह पुढे झाला आणि म्हणाला, मी खाल्ली.

"जीभ माझ्या पोटात," मी म्हटलं. "मार तुला."

"हं. म्हणजे तूच आहेस."

"मीच आहे."

"तुझ्या नावाने कोणी बाई ओळखपत्राचे फोटो मागतेय. बाकीच्यांना सांग, पाठवू नका म्हणावं. माझं ते ऐकणार नाहीत, मी एकदा फसलेला आहे."

मी त्याला सांगितलं की ती बाई मीच, आणि ही परीक्षा होती.

"नालायक आहेस तू," तो म्हणाला. "किती जण पास झाले?"

"तू एकटा."

"बाकी सगळ्यांनी पाठवले?"

"नाईफने बँकेचं कार्डही पाठवलं."

"माझंच पोर ते," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

सबब कलम दुसऱ्यात फोन आणि डिस्क पुसून टाकण्याबद्दल जे लिहिलं आहे ते मी रद्द करते आणि त्याऐवजी असं लिहून ठेवते की, आई फिद्दा हिचा आवाज ही अमानत असून ती माझा भाऊ मुफ्लिह सलीम अल-मुहैसिन याच्या हवाली करावी. त्याने ती सगळ्यांसाठी सांभाळावी, जो मागेल त्याला ऐकवावी, दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात आणि पासवर्डात नाईफचं नाव घालू नये. ज्या माणसाला मी चारचौघांत तू कोण म्हणून विचारलं आणि ज्याने त्याबद्दल मला कधी क्षमा केली नाही, त्यालाच तो प्रश्न पाठ झाला आहे. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तो सगळ्यांत वाईट होता आणि शिकला तोच.

कलम आठवे. आज शुक्रवार. मी बोलावल्यावरून नमाज झाल्यावर अबू नाईफ साक्षीदारांना घेऊन आला आहे. मी कॉफी केली. त्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला, दर ईदला ठेवायचा तसाच. इन्शिराह माझ्याकडे बघत राहिली. या खेपेला मी विचारलं.

"काय हवंय, खय्या?" लहानपणी भावाला मी असंच म्हणायचे.

मला वाटलं, आता माफी मागणार.

"ऐकव," तो म्हणाला.

यम्मा गेल्यापासून त्याने तिचा आवाज ऐकलेला नाही. माझ्याकडे आहे हे त्याला माहीत होतं. तो मागत नव्हता आणि मी देत नव्हते. त्या सगळ्या ईदला तो कप ठेवून हेच मागत होता की काय, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस मला होत नाही.

मी फोन उघडला आणि मला जो पाठ आहे तो, कुठल्यातरी जुन्या रुसव्याच्या वेळचा निरोप लावला. खोलीत यम्मा बोलायला लागली. "रुवैदा, लाल झालं का गं? बोलू का? मुफ्लिह रुसलाय म्हणे तुझ्यावर. त्याला म्हणावं, रागवायचं तर राग, पण जेवून राग. उपाशी रागावला की त्याचं डोकं दुखतं. आणि तू पण जा की त्याच्याकडे, तुझे पाय काय मेंदीने रंगवलेत? बंद कसं करायचं हे? अगं, हे बंद कसं..." मग भांडी, मग तो कोंबडा, मग बऱ्याच वेळाने निरोप संपतो.

हे कलम मी त्याच्यासमोर बसून लिहिते आहे. तो खिडकीकडे तोंड करून बसला आहे. साक्षीदार भिंतीकडे बघत आहेत. कॉफी अजून कपातच आहे.

कलम नववे आणि शेवटचे. पासवर्ड या कागदात नाही. मृत्युपत्र चार माणसांसमोर वाचलं जातं, त्यात पासवर्ड लिहिणारी बाई मी नव्हे. तो मी मुफ्लिहच्या कानात सांगितला आहे आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला आहे. माझ्या पश्चात कोणी तो मागितला, मग तो कितीही गोड बोलो आणि कोणत्याही नावाने हाक मारो, तर त्याला आधी काय विचारायचं ते मुफ्लिहला आता ठाऊक आहे. रविवारनंतर मी घरी परत आले तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. पासवर्ड मात्र बदलावा लागेल, कारण इन्शिराह दाराआड उभी होती.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि राजीखुशीने सही करते.

रुवैदा सलीम अल-मुहैसिन
सल्त, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :

१) हाबिस अवाद अश-शर्मान, निवृत्त बसचालक. सही करण्याआधी रुवैदाबाईंनी माझ्या फोनला कुलूप लावायला लावलं. आता तो मला उघडत नाही.

२) समीह रजा अल-बत्तीखी, औषधविक्रेता. मजकुरावर माझ्यासमोर सही झाली.

अमानत घेणाऱ्याची कबुली :

अमानत मिळाली. कॉफी थंड झाली होती. प्यायलो.
मुफ्लिह